कम्पोझिट हॉकी स्टिकचा बाक पुन्हा पुन्हा सरळ का होतो?

आइस हॉकीच्या कम्पोझिट स्टिकचे पाते घरी तापवून वाकवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) पाते तापवले, हवा तसा बाक दिला, गार होईपर्यंत दाबून धरले, त्या दिवशी आकार मनासारखा दिसला, आणि एक-दोन सराव झाल्यावर पाहिले तर पाते पुन्हा कारखान्यातल्या मूळ आकाराकडे सरकलेले आहे. मग तेच पाते पुन्हा तापवले जाते, या खेपेला अधिक वेळ आणि अधिक जवळून. बाक पुन्हा परततो, आणि टाचेजवळ, म्हणजे पाते दांड्याला मिळते तेथे, फोड येईपर्यंत किंवा एखाद्या जोरकस फटक्यात पाते चिरेपर्यंत हे चालूच राहते. इतर बहुतेक बिघाड या एका दोषाच्या चुकीच्या दुरुस्तीतूनच उद्भवत असल्यामुळे येथे मुख्यतः त्याचेच निदान दिले आहे. बाक किती परतला याकडे सगळ्यांचे लक्ष असते. तो केव्हा परतला हे मात्र फारसे कोणी टिपून ठेवत नाही, आणि कारण बहुधा त्यावरूनच कळते.

पुढील सर्व विवेचन आइस हॉकीच्या लांब, पातळ, चपट्या पात्यापुरते आहे. मैदानी हॉकीच्या कम्पोझिट स्टिकचे आकड्यासारखे टोक जाड असते; ते घरच्या उष्णतेने आतपर्यंत तापत नाही आणि ते वाकवण्याचा प्रयत्नही करू नये.

लाकडी पात्याची सवय

पाते तापवून वाकवण्याची रीत लाकडी स्टिकच्या काळातली आहे. १९६० च्या दशकात शिकागोच्या संघाचे खेळाडू स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी वाकड्या पात्याने फटका किती फसवा होतो हे दाखवून दिल्यावर खेळाडू पाते गरम पाण्यात किंवा वाफेवर धरून, दाराच्या फटीत अडकवून वाकवू लागले. ओलसर उष्णतेने लाकडातले तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य मऊ पडते, तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात, आणि लाकूड सुकले की नवी रचना बऱ्याच अंशी कायम राहते. कम्पोझिट पाते बाहेरून तशाच आकाराचे दिसत असल्यामुळे त्याला तोच उपाय लागू पडेल असे वाटते, पण त्याच्या आतली घडण वेगळी आहे.

कम्पोझिट पात्यात कार्बन तंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये (पक्के होऊन कडक होणाऱ्या चिकट द्रव्यात) भिजवून, हलक्या फोमच्या गाभ्याभोवती गुंडाळून, साच्यात दाबाखाली तापवून पक्के केलेले असतात. काही पात्यांत गाभ्यामधून आडव्या किंवा उभ्या पट्ट्याही जातात. इपॉक्सी एकदा पक्के झाले की त्याचे रेणू एकमेकांशी कायमचे जोडले जातात, त्यामुळे ते मेणासारखे वितळत नाही आणि पुन्हा ओतताही येत नाही. मात्र एका विशिष्ट तापमानाच्या वर त्याचा काचेसारखा ताठपणा जातो आणि ते चिवट रबरासारखे लवचिक होते. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पक्क्या केलेल्या इपॉक्सीत हा बदल बहुधा ११० ते १४० अंशांच्या दरम्यान होतो. त्या अवस्थेत पाते वाकवले आणि वाकवलेल्या स्थितीतच ते त्या तापमानाच्या खाली आणले तर नवा आकार गोठतो, परंतु आतले जोड तुटलेले नसतात; ते ताणलेल्या अवस्थेत अडकून पडलेले असतात. पुरेशी उष्णता पुन्हा मिळाली की ते पात्याला मूळ आकाराकडे ओढू लागतात. म्हणजे घरी दिलेला बाक कितीही नीट दिला तरी तो रोखून धरलेला बाक असतो, आणि तो रोखणारी बाजू कोठे कमी पडली हे शोधणे हेच निदान.

आणखी एक हिशेब येथे मांडणे आवश्यक वाटते, कारण त्याने बरेच गैरसमज दूर होतात. समजा पाते ३० सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड आहे, आणि बाकाची खोली १२ वरून १५ मिलिमीटर करायची आहे. हा बदल संपूर्ण लांबीवर सारखा पसरला तर पात्याच्या बाहेरच्या थरातील ताण सुमारे ०.०८ टक्क्यानेच वाढतो. कार्बन तंतू साधारण दीड टक्का ताणेपर्यंत तुटत नाहीत, म्हणजे हा बदल त्यांच्या दृष्टीने किरकोळ आहे. पण याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की एवढे वाकणे पाते प्रत्येक फटक्यात सहन करते आणि लगेच सरळ होते. म्हणूनच थंड किंवा कोमट पाते कितीही वेळ पायाखाली दाबून ठेवले तरी त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. तोच ३ मिलिमीटरचा फरक मधल्या अवघ्या ३ सेंटिमीटरमध्ये मोडल्यासारखा दिला, तर तेथील ताण सुमारे पाचपट, म्हणजे ०.४ टक्क्यापर्यंत जातो. शिवाय आतल्या बाजूचे तंतू दाबले जाऊन, त्यांना सावरणारे रेझिन त्या क्षणी मऊ असल्यामुळे, सुरकुततात. अशी सुरकुती वरून दिसत नाही, पण पुढे पाते तेथेच मोडते.

बाक केव्हा परतला?

पाते वाकवण्यापूर्वी ते कागदावर उभे ठेवून तळकडेची रेघ पेन्सिलीने काढून घ्यावी. वाकवल्यावर क्लॅम्प (पाते आवळून धरणारा शिकंजा) सोडताच दुसरी, दुसऱ्या दिवशी तिसरी आणि पहिल्या सरावानंतर चौथी रेघ त्याच कागदावर काढावी. या रेघांमधील अंतरावरून पुढील निदान करता येते. केवळ डोळ्यांनी पाहून ते करू नये, कारण दांड्याच्या कोनामुळे बाक सहज कमी-जास्त भासतो.

क्लॅम्प सोडताच किंवा त्यानंतरच्या तासाभरात मोठा भाग परतला, तर दोनच शक्यता उरतात. एक तर रेझिन मऊ पडण्याच्या तापमानापर्यंत पोहोचलेच नव्हते, किंवा पाते आतून गरम असतानाच सोडले गेले. पहिल्या प्रकारात वाकवताना पाते स्प्रिंगसारखा सतत विरोध करते आणि कधी कधी बारीक करकर ऐकू येते. दुसऱ्या प्रकारात वाकवताना ते सहज वळलेले असते. पृष्ठभागाला हात लावून पाते गार झाले असे ठरवणे हे दुसऱ्या प्रकारामागचे नेहमीचे कारण होय. बाहेरचा थर पातळ असल्यामुळे लवकर निवतो, पण टाचेकडचा जाड भाग आणि गाभा उष्णता बराच वेळ धरून ठेवतात.

सोडल्यावर आकार ठीक राहिला, पण पुढच्या एक-दोन दिवसांत तो हळूहळू सरळ होत गेला, तर पाते एका बाजूनेच तापले होते असे समजावे. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. फोम उष्णतेचा वाईट वाहक आहे. पात्याच्या पुढच्या बाजूवर गन धरली की ती बाजू १३० अंशांवर जाते, पण मधला फोम ती उष्णता मागच्या बाजूपर्यंत पोहोचू देत नाही, आणि मागचा थर ७० किंवा ८० अंशांवरच राहतो. वाकवताना तापलेला थर नव्या आकारात बसतो, न तापलेला थर नुसता लवचिकपणे वळतो. गार झाल्यावर हे दोन थर एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि फोम हळूहळू हार मानतो. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण त्याच बाजूला आणखी उष्णता देतात, त्याने तापलेली बाजू करपते आणि मूळ कारण जागेवरच राहते.

दोन-चार आठवडे बाक टिकला आणि नंतर एकाएकी गेला, तर स्टिक कोठे ठेवली होती ते आठवावे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा ६० अंशांच्या वर सहज जाते. तेवढ्या उष्णतेत पक्के इपॉक्सी मऊ पडत नसले तरी रोखलेला ताण सुटण्याची गती वाढते, आणि पाते जर आधीच अर्धवट तापवून वाकवलेले असेल तर त्याचा बाक अशा एका दुपारीच निघून जातो. ओलाव्याचाही येथे संबंध आहे. इपॉक्सी थोडे पाणी शोषते, आणि पाणी शोषलेल्या रेझिनचे मऊ पडण्याचे तापमान खाली येते. कडा झिजलेले, जुन्या टेपखाली सतत ओले राहिलेले पाते म्हणूनच नव्या पात्याइतका बाक धरत नाही.

शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. घरी ठेवल्यावर बाक जसाच्या तसा राहतो, पण जोरकस फटके मारल्यावर तो एकदम कमी होतो आणि पाते पूर्वीपेक्षा लवलवीत लागते. हा परतणारा बाक नसून मोडत चाललेले पाते आहे. थर सुटले असावेत किंवा तंतू सुरकुतले असावेत. अशा पात्यावर नाण्याने टोकापासून टाचेपर्यंत हलके ठोकत जावे. चांगल्या भागावर आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. बद्द आवाजाची जागा नाण्याहून मोठी असेल तर ते पाते पुन्हा तापवण्याचा विचार सोडून द्यावा.

तापवणे आणि धरून ठेवणे

आधी टेप पूर्ण काढावी आणि तिचा चिकटपणाही पुसून टाकावा, अन्यथा तो वितळून पसरतो, धुरतो आणि तापमानाचे मापही चुकवतो. स्टिक नुकतीच बर्फावर वापरलेली असेल तर ती काही दिवस कोरड्या खोलीत ठेवून मगच हे काम करावे. फोममध्ये शिरलेले पाणी १०० अंशांच्या पुढे वाफ होऊन थरांना आतून ढकलते, आणि ज्या फोडांचा दोष अनेकदा हीट गनच्या माथी मारला जातो त्यांतले बरेच या वाफेचे असतात. नाण्याची तपासणी या टप्प्यावरही करावी, म्हणजे नंतर दिसलेला दोष आधीचा की नवा हे कळते.

साचा हा या कामाचा खरा आधार आहे आणि त्याचाच सर्वाधिक कंटाळा केला जातो. दाराच्या फटीत किंवा पायाखाली वाकवलेले पाते एका रेषेवर वाकते, तर लाकडाच्या ठोकळ्याला हव्या बाकाची गोलाई देऊन त्यावर दाबलेले पाते पसरून वाकते. वरच्या हिशेबात ०.०८ आणि ०.४ टक्के हा जो फरक दिसला, तो प्रत्यक्षात याच दोन पद्धतींमधला आहे. ठोकळ्याची गोलाई हव्या बाकापेक्षा थोडी जास्त ठेवावी, कारण अगदी नीट केलेल्या कामातही काही बाक परततोच. १२ चे १५ मिलिमीटर करायचे असतील, म्हणजे फरक ३ मिलिमीटरचा असेल, तर साचा १६ मिलिमीटरचा करावा. फरकाच्या एक-तृतीयांश एवढी जास्तीची गोलाई मला योग्य वाटते. दोन किंवा तीन क्लॅम्प, त्यांच्या जबड्यांखाली लाकडी पट्ट्या, चामडी हातमोजे आणि इन्फ्रारेड थर्मामीटर हे सर्व हाताशी ठेवूनच गन सुरू करावी. तापलेले पाते बाजूला ठेवून क्लॅम्प शोधत बसण्यात पहिले अर्धे मिनिट गेले की तापमान उतरलेले असते.

इन्फ्रारेड थर्मामीटरविषयी एक सूचना. मॅट काळ्या पृष्ठभागावर त्याचे माप विश्वसनीय असते, परंतु चकचकीत धातूसारख्या स्टिकरवर ते खऱ्यापेक्षा बरेच कमी दाखवते. माप कमी दिसले म्हणून त्या जागी गन धरून ठेवणे हा पाते करपवण्याचा हमखास मार्ग आहे. गनवर लिहिलेले तापमानही पात्याचे नसते. साध्या गनच्या तोंडाशी हवा ३०० ते ५५० अंशांपर्यंत असू शकते.

टाचेच्या वर, जेथे पाते दांड्याला मिळते, तेथे घट्ट पिळलेले ओले फडके गुंडाळावे. एकसंध स्टिकमध्ये हा जोड सर्वाधिक भार घेतो, आणि बदलत्या पात्याच्या स्टिकमध्ये पाते दांड्यात गरम गोंदाने बसवलेले असते, जो गोंद इपॉक्सीच्या बराच आधी मऊ होतो. पाते वाकवल्यानंतर ते दांड्यात सैल झाले किंवा किंचित फिरले असेल, तर कारण येथे शोधावे. सुदैवाने या एका बिघाडाचा उपाय सोपा आहे: पाते पुरते गार झाल्यावर फक्त जोड गोंद मऊ पडेपर्यंत तापवून, पाते सरळ रेषेत आणून, ते हलू न देता थंड होऊ द्यावे.

आता प्रत्यक्ष तापवणे. गन पात्यापासून १० ते १५ सेंटिमीटर दूर ठेवून, वाकवायच्या संपूर्ण भागावर सतत हलवत, अर्धे मिनिट एका बाजूने आणि अर्धे मिनिट दुसऱ्या बाजूने असे आलटून पालटून तापवत जावे. एका जागी ती क्षणभरही थांबवू नये. दोन्ही बाजू ११० अंशांच्या आसपास आल्या की गन दूर करावी आणि थर्मामीटरवरील आकडा किती वेगाने उतरतो ते पाहावे. काही सेकंदांत तो २० ते ३० अंश घसरला, तर फक्त कातडी तापली आहे आणि गाभा थंड आहे. सावकाश उतरला, तर उष्णता आत मुरली आहे. ही परीक्षा कोणत्याही एका आकड्यापेक्षा जास्त सांगते आणि पाते दुसऱ्या दिवशी सरळ होण्याचा दोष बहुतेक वेळा येथेच टळतो.

मग हातमोजा घालून टोक लाकडावर हलके दाबून पाहावे. पाते ताठ लागले तर आणखी १० अंश वाढवून पुन्हा दाबावे, आणि असे करत १५० अंशांच्या पुढे मात्र जाऊ नये. तेथवर जाऊनही जे पाते वळत नाही, त्याचे रेझिन अधिक तापमानाला पक्के केलेले आहे असे मानून काम थांबवावे, कारण त्यापुढे रेझिन वळण्याआधी फोम आणि रंग खराब होण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्यांदा तापवलेले पाते पहिल्यापेक्षा जास्त उष्णता मागते असा अनुभव काहींना येतो आणि तो खरा असतो: कारखान्यात पूर्ण पक्के न झालेले रेझिन पहिल्या तापवण्यात आणखी पक्के होते आणि त्याचे मऊ पडण्याचे तापमान थोडे वर सरकते. पहिल्याच खेपेला आकार नीट बसवण्याचे हेही एक कारण आहे.

पाते सावकाश वळू लागले की ते साच्यावर टेकवून मधला क्लॅम्प आधी आणि टोकाकडचा नंतर आवळावा. झटका देऊ नये. वाकवताना 'टक' असा स्पष्ट आवाज आला तर तंतू तुटला किंवा थर सुटला असे धरून तेथेच थांबावे. त्यानंतर पाते साच्यातच, स्थिर हवेत, किमान दोन तास आणि शक्य असेल तर रात्रभर राहू द्यावे. गरम पाते बर्फात किंवा थंड पाण्यात बुडवून आकार 'पक्का' करण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे, पण तिचा लाभ मला दिसत नाही. बाहेरचा थर एकदम आकसतो, गाभा गरमच राहतो, रेझिनमध्ये सूक्ष्म भेगा पडू शकतात, आणि कडेला आधीची चीर असेल तर पाणी थेट फोममध्ये जाते. साचा असला की घाईचे कारणच उरत नाही. ज्याला पाते हाताने धरून बसायचे असते, त्यालाच पाण्याची गरज भासते.

इतर उष्णतास्रोतांबद्दल थोडक्यात. केस वाळवण्याच्या यंत्राने पाते पुरेसे तापत नाही. उकळते पाणी पात्याला सर्व बाजूंनी सारखे तापवते हे त्याचे मोठे वैशिष्ट्य, पण ते १०० अंशांवर थांबते आणि बहुतेक पात्यांसाठी तेवढे पुरत नाही. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये इपॉक्सी, रंग आणि गोंद तापवू नये. गॅसची किंवा टॉर्चची ज्योत तर कधीच वापरू नये. ज्योतीचे तापमान हजार अंशांच्या पुढे असते आणि पात्याचा बाहेरचा थर काही सेकंदांत जळतो. काम हवेशीर जागी करावे, आणि तीव्र उग्र वास येऊ लागला किंवा रंग तपकिरी पडू लागला तर मर्यादा ओलांडली गेली आहे असे समजावे.

बाक ठीक, पण फटका चुकतो

काही वेळा बाक टिकतो, मोजमापही बरोबर येते, तरीही पक (खेळातली चपटी चकती) अपेक्षेपेक्षा वर उडतो किंवा पास हवेत जातो. येथे पाते वाकताना पिळलेले असते. पात्याची वरची कड आणि तळकड सारख्या प्रमाणात न वळल्यामुळे त्याचा चेहरा, म्हणजे पक मारण्याची बाजू, उघडतो, म्हणजे आकाशाकडे झुकतो. पायाखाली टोक दाबून वाकवलेल्या पात्यात हे हमखास होते, कारण दाब एकाच कडेवर पडतो. तपासण्यासाठी स्टिक सपाट जमिनीवर खेळण्याच्या स्थितीत धरून पात्याच्या टाचेशी, मध्यावर आणि टोकाशी छोटी गुण्या लावून झुकाव पाहावा आणि तो न वाकवलेल्या तशाच दुसऱ्या स्टिकशी ताडावा. पीळ काढण्यासाठी पुन्हा तापवावे लागते. तेव्हा साच्याची उभी बाजू जमिनीशी काटकोनात आहे ना हे पाहून, क्लॅम्पचा जबडा पात्याच्या पूर्ण उंचीवर बसेल असा घ्यावा. चेहरा मुद्दाम उघडायचा असेल तर साच्याच्या उभ्या बाजूलाच दोन-तीन अंशांचा उतार द्यावा. हातांनी पिळून तो सारखा येत नाही.

दुसरी तक्रार अशी की पाते आता बर्फावर सपाट बसत नाही आणि टोक किंवा टाच उचललेली राहते. दांडा आणि पाते यांमधला कोन आणि तळकडेची गोलाई या गोष्टी बाकापासून वेगळ्या आहेत आणि त्या तापवून बदलत नाहीत. तळकड घासून हे साधण्याचा मोह होतो, पण तेथे घासताना तळाचे तंतू कापले जातात आणि फोम उघडा पडतो. अगदी थोडे घासणे भाग असेल तर पॉलिश पेपर ओला करून, नाकातोंडाला मास्क लावून घासावे, कारण कार्बनची कोरडी धूळ फुप्फुसांना, त्वचेला आणि, ती वीजवाहक असल्यामुळे, जवळच्या विजेच्या यंत्रांनाही अपायकारक असते. उघडी पडलेली कड दोन भागांच्या इपॉक्सीने बंद करावी. हे काम बाक दिल्यानंतरच करावे; घरी, साध्या तापमानाला पक्के होणारे इपॉक्सी बहुधा ५० ते ७० अंशांतच मऊ पडते, त्यामुळे आधी लावलेले ठिगळ नंतरच्या तापवण्यात सुटून येते.

कोणता बदल घरी साधतो?

बाकाची खोली ३ ते ४ मिलिमीटरने कमी-जास्त करणे, किंवा टोकाला किंचित अधिक वळण देणे, एवढे घरी साधते. मधल्या बाकाच्या पी ८८ पात्याचे टोकाशी वळणारे आणि उघड्या चेहऱ्याचे पी २८ करणे (ही पात्यांच्या ठरलेल्या नमुन्यांची नावे) साधत नाही, कारण त्यात बाकाची जागा, चेहऱ्याचा झुकाव आणि टोकाची बाह्यरेषा हे तिन्ही बदलावे लागतात, आणि उष्णतेने यांतला पहिला बदल काही अंशी, दुसरा कष्टाने, तर तिसरा मुळीच होत नाही. त्याऐवजी हव्या नमुन्याचे पाते घ्यावे. बदलत्या पात्याची स्टिक असेल तर हा निर्णय आणखी सोपा आहे. त्याचप्रमाणे, एकच पाते दोनदा नीट तापवून, दोन्ही बाजूंनी उष्णता मुरवून, साच्यात रात्रभर ठेवूनही परतले, तर तिसऱ्यांदा तापवू नये. प्रत्येक फेरीत फोम आणि थर यांमधली पकड थोडी सैल होते आणि तिसऱ्या फेरीत बाकाऐवजी फोड मिळण्याचीच शक्यता वाढते. नवी स्टिक तापवण्यापूर्वी उत्पादकाची हमी वाचावी. उष्णतेने केलेला बदल सहसा हमीबाहेर असतो.

स्पर्धेत खेळणाऱ्यांनी नियमाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये) २००६-०७ च्या मोसमापासून बाकाची खोली पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, एवढीच चालते. त्यापूर्वी ती अर्धा इंच होती. त्या अर्ध्या इंचाची आठवण १९९३ च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीने कायम ठेवली आहे. दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस किंग्ज २-१ ने पुढे असताना आणि दोन मिनिटांहूनही कमी खेळ उरलेला असताना मॉन्ट्रिऑलचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी मार्टी मॅक्सॉर्ली यांची स्टिक मोजायला लावली, ती नियमबाह्य निघाली, मिळालेल्या पॉवर प्लेमध्ये (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्यांचा एक खेळाडू कमी असताना) मॉन्ट्रिऑलच्या एरिक देजार्दँ यांनी बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत त्यांनीच विजयी गोल केला. आपल्या स्पर्धेची मर्यादा तिच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्यावी.

मोजण्यासाठी पाते आडवे ठेवून टाचेपासून टोकापर्यंत सरळ पट्टी टेकवावी आणि पट्टीपासून बाकाच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचे लंब अंतर घ्यावे. येथे साच्यातल्या जास्तीच्या गोलाईचा विसर पडू देऊ नये. १८ मिलिमीटरचा बाक हवा म्हणून १९.५ च्या साच्यात बसवलेले पाते क्लॅम्प सोडल्यावर पहिल्या दिवशी मर्यादेच्या वर भरू शकते, जरी दोन-तीन दिवसांत ते आपोआप आत येणार असले तरी. म्हणून हे काम सामन्याच्या आदल्या रात्री काढू नये. वाकवल्यावर दोन दिवस स्टिक घरी थंड जागी ठेवावी, एका सरावात तिच्यावर जोराचे फटके घेऊन पाहावेत, कागदावर चौथी रेघ काढावी, नाण्याने पुन्हा एकदा ठोकून घ्यावे, आणि मगच नवी टेप गुंडाळावी.